कोण कोणाच्या पंगतीला

साल १८७३. मृगाचे पहिले पाऊस पडून गेलेत आणि तुम्ही परभणीच्या वेशीबाहेर बैलगाडीत बसला आहात. स्टेशन शोधू नका. या भागात रेल्वे यायला अजून पंचवीसेक वर्षं आहेत. कृषी विद्यापीठ नाही, वसमत रस्त्यावरचे बंगले नाहीत, रस्ता म्हणावा असा रस्ताही नाही. आहे ती काळी माती. ओली झाली की ती चाकाला धरते. थरावर थर चढतात, चाक बघता बघता दुप्पट जाड होतं आणि बैल जागच्या जागी उभे राहतात. गाडीवान शिव्या हासडत उतरतो, कुऱ्हाडीच्या दांड्यानं धावेवरची माती खरवडतो, आऱ्यांत अडकलेला गोळा बोटांनी ओढून काढतो. गाडी हलते. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. मानवत मागं पडतं, मग दुधनेच्या काठानं सेलू, परतूर, आणि एकदाचं जालना.

तुम्हाला जायचंय न्यूयॉर्कला. ऑक्टोबरात तिथं इव्हँजेलिकल अलायन्स या संघटनेची सहावी जागतिक परिषद भरणार आहे. देशोदेशीचे प्रोटेस्टंट एकत्र बसून एकीची भाषा करणार आहेत, आणि निजामाच्या मुलखातला एक मराठी माणूस त्या परिषदेला निघालाय. तुम्ही त्याच्या मागोमाग. नियम एकच आहे: बघायचं, ऐकायचं, पण पुढं काय होणार हे कुणाला सांगायचं नाही. आता सोपा वाटतो. पाळताना कळेल.

जालन्याच्या बाहेर बेथेल नावाचं गाव वसतंय. जमीन निजाम सरकारनं दिलेली, दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत. राहायला आलेली कुटुंबं बहुतेक मांग समाजातली. ज्यांच्या कित्येक पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या, ते पहिल्यांदाच कूस आतून बघताहेत. हे गाव वसवणारा माणूस मात्र जन्मानं ब्राह्मण: रेव्हरंड नारायण शेषाद्री. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्या वर्षी मुंबईत असा गदारोळ उडाला की वर्तमानपत्रांना पुढं कितीतरी दिवस दुसरा विषय लागला नाही.

गदारोळ खरा उडाला तो त्यांच्या धाकट्या भावामुळं. श्रीपत शेषाद्री अल्पवयीन होता. भावाच्या मागोमाग तोही मिशनच्या घरी राहायला गेला, बाप कोर्टात गेला, कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. इथवर कायद्याचं झालं. पुढचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नव्हताच: मिशनच्या घरी राहिलेलं हे पोर आता कोणाच्या पंगतीला बसणार? बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'चे माजी संपादक, श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. मुंबईच्या ब्रह्मवृंदात दोन तट पडले. पोरगं बिचारं एका पाटासाठी ताटकळत राहिलं आणि त्या पाटावरून मोठमोठ्या शास्त्र्यांनी एकमेकांवर बहिष्कार घालण्याच्या धमक्या दिल्या. एक भाऊ बाहेर गेला म्हणून गाजला, दुसरा आत येऊ पाहत होता म्हणून. मला विचाराल तर दोघांत जास्त हाल धाकट्याचे झाले. त्याला कुठलीच परिषद बोलवायला आली नाही.

हे सगळं लक्षात ठेवून गाडीत बसा. औरंगाबाद, तिथून वेरूळचा घाट उतरून नांदगाव. औरंगाबादकडच्या माणसाचं सगळ्यांत जवळचं रेल्वे स्टेशन तेव्हा नांदगाव. मग थळ घाटातून मुंबई, मुंबईहून आगबोट. सुएझचा कालवा खुला होऊन चार वर्षं झालीत, त्यामुळं आफ्रिकेला वळसा नाही. समुद्र ओलांडला की जात जाते, असं तुमच्यामागं घाटावर कुणीतरी कुजबुजतं. पुढं चाललेल्या गृहस्थाला ती काळजी नाही. त्यांची जाऊन तीस वर्षं झाली.

न्यूयॉर्कची हवा बघा कशी आहे. सप्टेंबरात जे कुक या बड्या पेढीचं दिवाळं निघालं, शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला, रस्त्यांवर बेकारांची गर्दी वाढू लागलीये. आणि अशातही तेविसाव्या रस्त्यावरच्या असोसिएशन हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. २ ऑक्टोबर, गुरुवार. गॅसचे दिवे, ओल्या लोकरी कोटांचा वास, लांबलचक दाढ्या. लोक मावत नाहीत म्हणून शेजारपाजारच्या चर्चमध्ये त्याच भाषणांच्या जादा सभा लावल्यात. ही परिषद खरं तर १८७० मध्येच व्हायची. जर्मनी आणि फ्रान्सचं युद्ध पेटलं म्हणून लांबली. आता सगळ्यात पुढं जर्मन प्राध्यापक बसलेत. डोर्नर, क्रिस्टलीब अशी नावं पुकारली जातात. एकेकाचा निबंध इतका लांब की मधेच जेवून आलं तरी चालावं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तुमच्या ओठावर येतं. गिळून टाका. इथं कुणाला हसू येणार नाही, आणि ही म्हण जन्मायला अजून बराच अवकाश आहे.

विषयांची यादी ऐकण्यासारखी आहे. नास्तिकतेला तोंड कसं द्यावं, विज्ञान आणि बायबल यांचं जमेल का, रोमन कॅथलिकांचा वाढता जोर कसा रोखावा. डार्विनवरून बाचाबाची होते. प्रिन्स्टनचे वृद्ध चार्ल्स हॉज त्याच्यावर इतके घुश्शात आहेत की पुढच्या वर्षी एक आख्खं पुस्तक लिहून मोकळे होतील. निबंध वाचणाऱ्यांचा सूर असा, की जगाचे सगळे प्रश्न या सभागृहात येत्या रविवारपर्यंत निकालात निघणार. परिषदांचा हा स्वभावच. बीड-परभणीतल्या एखाद्या शिक्षक मेळाव्याला बसलेल्या माणसालाही तो ओळखू येईल.

आणि मग नारायण शेषाद्री बोलायला उठतात. पांढरं पागोटं. सभागृहातलं बोलणं एकदम थांबतं.

तुम्ही मागच्या रांगेत आहात म्हणून तुम्हाला दिसतं ते व्यासपीठावरच्यांना दिसत नाही. तुमच्या पुढच्या बाकावरच्या दोन बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. एक म्हातारा चष्मा पुसून पुन्हा घालतो. गृहस्थ उत्तम इंग्रजी बोलताहेत, हिंदुस्थानातल्या मिशनच्या कामाबद्दल सांगताहेत, पण निम्मं सभागृह ऐकत नसून बघतंय. पागोटं बघतंय. मिशनला दिलेल्या आपल्या चार आण्यांचं काय झालं याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडं बघतंय. टाळ्या कडकडतात, वर्तमानपत्रांतून त्यांच्या पोशाखाचं वर्णन छापून येतं, मग गावोगावच्या चर्चमधून बोलावणी येतात.

तुम्हाला राग येतो. यावाच. पण जरा थांबा, कारण या माणसाला हे कळत नसेल असं समजणं म्हणजे त्याचा अपमान. ज्यानं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षाच्या आसपास सगळी मुंबई अंगावर घेतली, त्याला टाळी कशाची आहे हे बरोबर समजतं. पागोटं काढून ठेवलं असतं तर न्यूयॉर्कात ते हजारातले एक पाद्री झाले असते. ते ठेवतात. पागोटं बघायला आलेला माणूस बेथेलच्या नावानं खिशात हात घालतो, आणि जालन्याच्या माळावर गाव उभं करायचं तर पैसे लागतात. माझं गाऱ्हाणं त्यांच्या पागोट्याबद्दल नाहीच. ते दुसरं आहे: हिंदुस्थानच्या वतीनं बोलायला जो उभा आहे तो एकेकाळचा ब्राह्मण, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ती मांगांची कुटुंबं इथं नाहीत. ती बेथेलला शेतात राबताहेत. धर्म बदलला, खंड बदलला, तरी व्यासपीठावर कोण आणि शेतात कोण ही वाटणी बदललेली नाही. तेव्हाच्या बहुतेक मराठी सभांत वेगळं दिसलं नसतं, हेही खरं; पण ही सभा एकीची होती म्हणून जास्त बोचतं.

एकीची परीक्षा झाली ती मात्र भाषणांत नव्हे, जेवणात. ५ तारखेच्या रविवारी मॅडिसन स्क्वेअरच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सर्वांसाठी प्रभुभोजन ठेवलंय. तुकडाभर भाकर, घोटभर द्राक्षरस. कँटरबरीचे डीन पेन स्मिथ, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत मानाच्या कॅथीड्रलचे प्रमुख, तिथं जातात आणि इतरांबरोबर भाकर घेतात. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत आग. झांझिबारचे माजी बिशप टोझर तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते. त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. ज्यांच्या धर्मगुरूंना बिशपांच्या परंपरेतली दीक्षा नाही त्यांच्या हातची भाकर एका अँग्लिकन डीननं घ्यावीच कशी? पुढच्या रविवारी, परिषदेच्या अखेरच्या दिवशी, केंटकीचे सहायक बिशप जॉर्ज कमिन्स फिफ्थ अव्हेन्यूच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये असेच प्रभुभोजनाला बसले. त्यांच्यावर टीकेचा असा भडिमार झाला की नोव्हेंबरात त्यांनी पद सोडलं आणि २ डिसेंबरला नवाच पंथ काढला, रिफॉर्म्ड एपिस्कोपल चर्च.

सर्व पंथांनी एक व्हावं म्हणून परिषद भरली, आणि तिच्यातून एक पंथ वाढला.

आख्ख्या न्यूयॉर्कात या भांडणाचा अर्थ पोटातून कळणारा माणूस तुमच्या समोर उभा आहे. कोणाच्या हातचं खाल्लं म्हणून माणूस बाटतो, कोणी वाढलं म्हणजे चालतं, कोणाच्या शेजारी पाट मांडला की बोभाटा होतो, हे सगळं त्याच्या घरात होऊन गेलंय. अमेरिकन मंडळी त्याला हिंदुस्थानातल्या जातींबद्दल कुतूहलानं विचारतात, हळहळतात. त्याच वेळी बाहेर पोरं आरोळ्या ठोकत ताजी वर्तमानपत्रं विकताहेत, आणि त्यात एका डीननं कोणाबरोबर भाकर खाल्ली त्याची बातमी आहे.

आता नियमाची गोष्ट. माद्रिदहून एक तरुण उपदेशक आलेत, अंतोनियो कारास्को. जिनीव्हाहून प्राध्यापक प्रोनिए. परिषद संपते, निरोपाची हस्तांदोलनं होतात, पत्ते लिहून घेतले जातात. हे दोघं आणि आणखी काही जण परतीसाठी 'व्हिल दु हाव्र' या फ्रेंच आगबोटीवर जागा घेणार आहेत. २२ नोव्हेंबरच्या पहाटे भर अटलांटिकमध्ये 'लॉक अर्न' हे शिडाचं जहाज तिच्यावर आदळेल आणि काही मिनिटांत ती बुडेल. २२६ माणसं जातील. शिकागोच्या होरेशो स्पॅफर्ड यांच्या चार मुली त्यात असतील. त्या दुःखातून ते जे गीत लिहितील ते मराठी मंडळ्यांमधूनसुद्धा गायलं जाईल; परभणीत अंत्यविधीला तुम्ही ते कदाचित ऐकलंही असेल. इथं, या दालनात, कारास्को कुणाच्या तरी विनोदावर हसताहेत. तुम्हाला बोलता येत नाही. एरवी परिषदेत शेजारी बसलेल्याचा चेहरा आपण बघत नाही, बिल्ल्यावरचं नाव वाचतो आणि सरकतो. आज मात्र नीट बघून घ्या.

तिथून थेट साठ वर्षं पुढं या.

१९३३. आता परभणीला स्टेशन आहे. निजामाच्या रेल्वेचा अरुंद मीटरगेज रूळ, फलाटावर उर्दू, आणि तुमच्या खिशात हाली सिक्का. फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, पिशवीत 'ज्ञानोदय'चा अंक. हे नियतकालिक १८४२ पासून चाललंय. ख्रिस्ती माणसाच्या घरी केरसुणीसारखं असतंच, कुणी लक्ष देवो न देवो. जायचंय नागपूरला, मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाला. परभणी-नागपूर सरळ गाडी नाही. आधी रात्रभर उलट्या दिशेनं मनमाड. वाटेत पहाटे कधीतरी जालना येतं. मनमाडला रूळ बदलतो, गाडी बदलते आणि पैसाही बदलतो. पुलाखाली फडकं अंथरून बसलेला सराफ हालीचे सात घेऊन कलदाराचे सहा देतो आणि तेही देताना असा चेहरा करतो की जणू उपकार. मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. धपाटे संपतात.

तुम्ही कुठून आलात हे नागपूरकरांना नीट कळणार नाही. तुमच्या संस्थानात 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम आहे: सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा. मराठी माणसांनी चार शब्द मराठीत बोलायला जमायचं तर सतरा दारं. (चार वर्षांनी, १९३७ मध्ये, महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन तुमच्याच जिल्ह्यातल्या परतूरला भरेल. दुधनेचा तो काठ तुम्ही साठ वर्षांपूर्वी चिखलातून बघितलाय.) इथं नागपुरात मात्र माणसं खुशाल येताहेत, बसताहेत, पुस्तकं चाळताहेत, कुणी नारायण वामन टिळकांचं भजन गुणगुणतंय.

दाराशी नाव लिहून घेणारा तरुण विचारतो, "गाव?"

"परभणी."

"कोणत्या मिशनचे?"

हा प्रश्न आपल्या लोकांनी फार सराईतपणे शोधून काढलाय. जात विचारणं शोभत नाही, म्हणून मिशन विचारायचं. अमेरिकन मराठी मिशन म्हटलं की नगर, स्कॉटिश म्हटलं की जालना किंवा इथलंच हिस्लॉप साहेबांचं नागपूर, सी.एम.एस. म्हटलं की नाशिक-औरंगाबाद, अलायन्स मिशन म्हटलं की वऱ्हाड. एका उत्तरात माणसाचं गाव, शाळा, सोयरीक आणि पुष्कळदा जातही कळते. तुम्ही उत्तर देता. तो वहीत लिहितो. दोघंही खोटं खोटं हसता.

पण आत व्यासपीठावर जे आहे ते न्यूयॉर्कमध्ये नव्हतं. अध्यक्षस्थानी नऊवारीतल्या एक पासष्टीच्या बाई आहेत, शाळेची पायरी न चढलेल्या: लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' अजून पुस्तकरूपानं आलेली नाहीत, पहिला भाग पुढच्या वर्षी येईल. नवऱ्यानं साडेदहा अध्यायांवर सोडलेलं 'ख्रिस्तायन' पुढं न्यायचं काम त्यांच्या अंगावर आहे. त्या त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालतील. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला बाई अध्यक्ष मिळायला १९६१ उजाडेल, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. हे छोटं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं संमेलन त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी तिथं पोचलंय. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

त्यांच्याकडं बघताना हे शहर कोणतं आहे ते विसरू नका. नारायण वामन टिळक याच नागपुरात राहायचे. १८९३ मध्ये इथून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचा पाद्री भेटला, त्यानं नवा करार हातात ठेवला आणि त्या एका प्रवासानं या बाईंचा संसार उधळला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायकोनं ती बातमी ऐकून काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय, इतक्या हसऱ्या लेखणीनं की वाचणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. वडिलांच्या घरचं सोवळं असं की त्यापायी आख्खं घर धुऊन निघायचं. पुढं कित्येक वर्षांनी त्या नवऱ्याकडं परतल्या तेव्हाही काही काळ चूल वेगळीच. एका छपराखाली दोन स्वयंपाक. तो विटाळ कुणी उपदेश करून घालवला नाही. तो त्यांनी स्वतःच विचार करकरून एक दिवस टाकला, आणि एकदा टाकला तो टाकला. पुढं सगळ्या जातींची पोरं त्यांच्या घरी वाढली आणि जेवली. ज्या शहरात त्यांच्या चुलीची फाळणी सुरू झाली, त्याच शहरात चाळीस वर्षांनी त्या अध्यक्ष म्हणून उभ्या आहेत. हे त्यांच्या मनात आलं नसेल असं होणं नाही.

बाहेरची हवाही तापलेली आहे. नाशकात, म्हणजे लक्ष्मीबाईंच्याच गावात, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चाललाय. पुणे करार होऊन जेमतेम वर्ष. आणखी दोन वर्षांनी येवल्याला डॉ. आंबेडकर सांगतील की आपण हिंदू म्हणून मरणार नाही, आणि मग सगळ्याच धर्मांचे लोक आपापल्या पंगतीत जागा रिकामी करून वाट बघू लागतील. मांडवात मागं बसलेल्या काही तरुणांचे चेहरे बघा. साहित्य वगैरे ठीक आहे, पण आपल्या मंडळीत महाराचं आणि मांगाचं लग्न लागतं का, हा त्यांचा प्रश्न. तो कार्यक्रमपत्रिकेत नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यावरच बोलणं होतं, आवाज खाली करून.

१९९५ ला फक्त उतरून पुढं चला. या वेळी प्रवासच नाही, कारण अडुसष्टावं साहित्य संमेलन परभणीतच आहे आणि अध्यक्ष नारायण सुर्वे. कापड गिरणीच्या कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर. आईबाप कोण, जात कुठली, कुणालाच ठाऊक नाही. कोणाकडून आलात हा प्रश्न ज्याला विचारताच येत नाही असा माणूस आपल्या गावानं पालखीत मिरवला. परभणीनं याचा अभिमान जर्मनीपेक्षा जास्त बाळगायला हरकत नाही.

आणि आता जानेवारी २०२०, धाराशिव. परळी, लातूर करत सकाळी पोचला आहात. संत गोरोबा काका साहित्यनगरी. त्र्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्ष आहेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे, 'सुबोध बायबल'चे लेखक, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेले. आणि कॅथलिक. १८७३ च्या त्या सभागृहात ज्यांना रोखायचं कसं यावर निबंध वाचले गेले, त्यांच्यापैकी. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापून (१६१६) चारशे वर्षं उलटल्यावर एक ख्रिस्ती धर्मगुरू या खुर्चीपर्यंत आलाय. सप्टेंबरात निवड झाल्यापासून निषेध, फोन, धमक्या. उद्घाटक ना. धों. महानोर, त्यांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आलं होतं. अजिंठ्याच्या बाजूचा हा शेतकरी-कवी ते ऐकून घेऊन आला. दिब्रिटोंची पाठ साथ देत नाही, ते चाकाच्या खुर्चीत आहेत. मांडवाभोवती पोलीस उभे. अध्यक्ष मराठीत बोलतात, तुकारामाची आणि ज्ञानेश्वरांची नावं सहज घेतात, देशात जे चाललंय त्याबद्दलही गप्प बसत नाहीत.

नारायण शेषाद्रींना परदेशातल्यांनी हिंदुस्थानचा नमुना म्हणून बघितलं होतं. दिब्रिटोंना इथं, मराठवाड्यात, बाहेरचा म्हणून बघणारे आहेत. दोन्ही नजरा मागच्या रांगेतून सारख्याच दिसतात.

जेवणाच्या मांडवात या. कुपन हातात, रांग लांब, ऊन चढलेलं. तुमच्या पुढं दोन मास्तर उभे आहेत, एक वयस्कर, एक तरुण, बहुधा एकाच शाळेतले.

"अहो, पण संमेलन साहित्याचं. पाद्री कशाला पाहिजे होता?"

"सर, ज्ञानेश्वरांना काय म्हणाल मग? कथाकार?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं काय?"

"तुला नाही कळायचं."

"कळत नाही म्हणूनच इचारतोय."

वयस्कर मास्तर चिडतात. बाप्तिस्मे निघतात, गोवा निघतो, वसईचा किल्ला निघतो. तरुण मास्तरही आता मागं हटत नाही. तो थेट काळारामावर येतो. आवाज वाढतात, मागचे चारजण कान देतात, कुणी दोन्हीकडून एकेक वाक्य टाकतं. पण रांग सोडून कोणी जात नाही. दोघंही भांडत भांडत इंचाइंचानं पुढं सरकतात, दोघांच्याही हातात पत्रावळ आहे. वाढप्यानं भाताचा झारा उचललेला आहे आणि त्याला कशातच रस नाही.

"ओ सर, फुडं सरका की, मागं लई मान्सं हायती."